घणसोलीतून माणच्या अंगणाचा हिशेब

पत्र घणसोलीहून आलं आहे. लिहिणारे गृहस्थ तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधून माथाडी म्हणून निवृत्त झालेत. सेक्टरमध्ये सगळे त्यांना आण्णा म्हणतात, तेव्हा मीही तसंच म्हणतो. मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. तिथे सहा गुंठ्यांत गेल्या वर्षी अकराशे चौरस फुटांचं स्लॅबचं घर बांधून झालं. आता बाहेरचं काम काढायचंय आणि फंड-ग्रॅच्युइटीतले आठ लाख शिल्लक आहेत. तालुक्याच्या कंत्राटदाराने कोटेशन दिलंय 8 लाख 85 हजारांचं: चारी बाजूंनी 330 रनिंग फूट कंपाउंड 1300 रुपये दराने, 4800 चौरस फूट रंगीत पेव्हर ब्लॉक 90 रुपयांनी आणि दारापुढे 600 चौरस फूट लॉन 40 रुपयांनी. मुलाला सगळीकडे पेव्हर हवेत, धूळ नको म्हणतो. त्यांच्या पत्नीला वाळवणाला आणि उन्हाळ्यात बाजा टाकून झोपायला अंगण हवंय. आण्णांचा प्रश्न एवढाच, की 85 हजार कर्ज काढू का?

नमस्कार आण्णा,

कर्ज काढू नका. उलट काम नीट बेतलंत तर आठ लाखांतले दीडेक लाख तुमच्या खात्यात राहतील आणि अंगणही राहील. कसं ते सविस्तर सांगतो, पण आधी कोटेशनबद्दल बोलू, कारण त्याचा फोटो तुम्ही पाठवलाय आणि खरी गोष्ट त्याच्या तळाशी आहे.

अगदी खाली बारीक अक्षरात तीन ओळी आहेत. ‘भराव पार्टीकडून.’ ‘पाणी व लाइट पार्टीचे.’ ‘मोजमाप जागेवरील कामाप्रमाणे.’ म्हणजे 8 लाख 85 हजार हा आकडा शेवटचा नाहीच. मुरूम तुम्ही आणायचा, पाण्याचा टँकर तुम्ही मागवायचा आणि काम वाढलं तर बिलही वाढणार. वर फाटक कुठेच लिहिलेलं नाही. सांडपाण्याची लाइन नाही, ब्लॉक अडवणारे कडेचे कर्ब नाहीत. हे सगळं धरलं तर गाडी दहा लाखांच्या पुढेच जाऊन थांबेल. कंत्राटदार लबाड आहे असं मी म्हणत नाही. कोटेशनं अशीच येतात. पण त्यावरून कर्ज किती काढायचं हे ठरवू नका.

आता जागेकडे येऊ. तुमच्या मुलाने ठाणे-नवी मुंबईत आयुष्य काढलंय. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे बाहेरचं काम म्हटलं की आपल्या डोक्यात एकच येतं: चिखल नको, पाणी तुंबायला नको, सगळं झाकून टाका आणि पाणी गटारात घालवा. माणात पाऊस साडेचारशे-पाचशे मिलिमीटर. सह्याद्रीच्या पाठीमागचा तो मुलूख, ढग कोकणात आणि घाटमाथ्यावर रिकामे होऊन तिकडे पोचतात. जो पडतो त्यातला बराचसा परतीचा आणि वळवाचा, तोही तासाभरात धो धो कोसळून मोकळा. तिथे 4800 चौरस फूट पेव्हर मारून ते पाणी रस्त्यावर घालवलंत, तर मे महिन्यात तेच पाणी टँकरने विकत घ्याल. म्हणून तिथे काम काढताना आधी पाणी कुठून येतं आणि कुठे न्यायचं ते ठरवायचं. फरशी कुठे, ब्लॉक कुठे, हे त्यानंतर.

लॉनचा विषय लगेच संपवतो. माणच्या उन्हाळ्यात हिरवळ जगवायची तर चौरस मीटरला दिवसाला किमान पाच लिटर पाणी धरा. 600 चौरस फूट म्हणजे साधारण 56 चौरस मीटर, म्हणजे रोज 280 लिटर. दहा हजार लिटरचा टँकर 36 दिवसांत संपेल. फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत 42 हजार लिटर लागतील. तुमच्या अकराशे फुटांच्या स्लॅबवरून वर्षभरात जे पाणी धरता येतं ते साडेचारशे मिलिमीटर पावसाला, गळती-बाष्प वजा जाता, 36 हजार लिटरच्या घरात जातं. अख्ख्या घरावरचा वर्षाचा पाऊसही त्या गवताला पुरायचा नाही. घर वर्षातले आठ-नऊ महिने बंद. गावात लोक हंडे घेऊन उभे असताना कुलूपबंद घरापुढे गवताला पाइप सोडणं मला तरी पटत नाही. लॉन कट.

पेव्हरला मात्र मी सरसकट नाही म्हणत नाही. उलट कोरड्या भागात त्याचा एक मोठा फायदा आहे. ब्लॉक कारखान्यात पिकून येतो, जागेवर पाणी मारत बसावं लागत नाही. पण तो गाडी जिथे फिरते तिथे आणि तेवढाच. फाटकापासून घराच्या बाजूला गाडी लावायच्या जागेपर्यंत बारा फूट रुंद, पस्तीस फूट लांब, म्हणजे 420 चौरस फूट. कंत्राटदाराने 50 मिलिमीटरचा ब्लॉक लिहिलाय. तो पायी चालायला ठीक. गाडी येणार असेल तर 60 मिलिमीटरचा घ्या. आयएस 15658 या मानकात हलक्या वाहतुकीला तीच जाडी दिलेली आहे. रंग साधा राखाडी. लाल-काळा ब्लॉक चाळिशीपार उन्हात असा तापतो की नातवंडं अनवाणी चार पावलं टाकणार नाहीत, आणि दिवसभर पिऊन घेतलेली ती धग रात्री भिंतीवर आणि खिडकीत ओकत राहतो. अंगणात बाजा टाकायच्या तर त्याच्या जवळपासही नको. ब्लॉक घेताना दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून बघा, खणखणीत वाजले पाहिजेत. एक फोडून आत खडी दिसते का तेही बघा. आणि महिन्याभरापूर्वी पाडलेले घ्या, कालचे ताजे नकोत.

ब्लॉकपेक्षा ब्लॉकच्या खालचं महत्त्वाचं. मार्केटमध्ये थप्पीचा खालचा थर वाकडा लागला की वर कितीही नीट रचा, थप्पी कलतेच, हे तुम्हाला मी काय सांगावं. आपल्याकडच्या फुटपाथवर ब्लॉक खचलेले, डुगडुगणारे दिसतात, त्यात दोष बहुधा ब्लॉकचा नसतो. तुमची जागा मुरमाड आहे असं लिहिलंय, हे नशीब. काळी माती असती तर ती पावसात फुगते, उन्हात फाटते, मग ती काढून फेकण्यातच बजेट गेलं असतं. तरीही घर बांधताना पायाची माती जिथे पसरली असेल तिथे काळं-तांबडं मिसळलेलं असणार. ते काढा. मग सहा इंच मुरूम-खडीचा थर, पाणी शिंपून कॉम्पॅक्टरने दाबलेला. धुम्मसाने ठोकून भागवतो म्हणाला तर ऐकू नका. त्यावर इंच-दीड इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, त्यावर ब्लॉक, आणि दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी. कडेला अडवणूक नसेल तर ब्लॉक वर्षभरात पसरायला लागतात आणि फटीतून कच वाहून जाते. एक आणखी, फुकटातलं काम: वाट पक्की करण्याआधी तिच्याखालून दोन इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे आडवे टाकून तोंडं बंद करून ठेवा. उद्या फाटकाला दिवा लावायचा, झाडांना ठिबक न्यायचं, तर रस्ता उकरावा लागणार नाही.

आता अंगण. इथे मी पूर्णपणे वहिनींच्या बाजूने. दारापुढे वीस बाय तीस, 600 चौरस फूट, खरबरीत शहाबादी फरशी. पॉलिशची नको, पावसात घसरते आणि डोळ्यांवर येते. शहाबाद पडतं कलबुर्गीकडे, म्हणजे सोलापूरच्या अंगाने माणला येणारा माल, भाडं फार चढत नाही. फिकट फरशी ब्लॉकपेक्षा कमी तापते, संध्याकाळी दोन बादल्या शिंपडल्या की निवते. कुरडया-पापड, ज्वारी, शेंगा, सगळं तिच्यावर वाळतं आणि झाडून घेतलं की स्वच्छ. खाली तीन इंच पीसीसी, म्हणजे सळईविना साधं काँक्रीट, लागेल. उतार घराकडून बाहेर, दर पाच-सहा फुटांना इंचभर. गवंड्याला ‘थोडा ढाळ ठेव’ असं सांगू नका. दोरी लावून दोन्ही टोकांचा फरक इंचात मोजून घ्या. हे पाणी कुठे जाणार ते पुढे सांगतो.

मुलाने रिसॉर्टच्या फोटोतला जांभा दगड सुचवलाय. दिसतो छान, पण जांभा कोकणातला. तो घाट चढवून माणात न्यायचा म्हणजे दगडापेक्षा ट्रकचे पैसे जास्त. आणि तुमच्याच पत्रात आहे की भावाच्या विहिरीतून निघालेला काळा दगड बांधावर ढिगाने पडून आहे. मग हवाय कशाला जांभा? त्याच दगडाचा अंगणाच्या कडेला दीड फूट उंचीचा बसायचा कट्टा करा, झाडांची आळी बांधा, उतारावर माती अडवायला दोन बुटके बांध घाला. दगडावर दगड रचणारा कसबी माणूस त्या भागात अजून मिळतो. मजुरी द्यावी लागेल, मालाचे पैसे शून्य.

घराच्या भोवती भिंतीला लागून तीन फूट रुंदीची काँक्रीटची पट्टी हवीच, पायाशी पाणी मुरू नये म्हणून. समोर अंगण आलंय ते वजा जाता साधारण 360 चौरस फूट. ही ओतताना सलग लांबच्या लांब ओतू देऊ नका. आठ-दहा फुटांचे चौकोन पाडून एकाआड एक ओतायचे. माणचा वारा कोरडा असतो, काँक्रीट घट्ट व्हायच्या आतच वरचं पाणी उडतं आणि केसासारख्या भेगा पडतात. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर ओता, लगेच ओलं गोणपाट टाका आणि आठ-दहा दिवस ते ओलं ठेवा. मागच्या दारी भांडी-धुण्याला दहा बाय बारा शहाबादी, 120 चौरस फूट. झालं. पक्कं काम एकूण दीड हजार चौरस फूट.

उरलेले 3900 फूट? त्यातले दीड हजार फूट पायवाटा आणि वावरायची जागा. तिथे सहा इंच मुरूम दाबून वर खडी-कच पसरा. सहा इंच जाडीने दीड हजार फूट म्हणजे 750 घनफूट, साडेसात ब्रास; मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून सुटा थोडा जास्त लागेल. हा आकडा लक्षात ठेवा, ट्रॅक्टरवाला बारा ब्रास सांगेल. मुलाच्या धुळीच्या तक्रारीवर हाच उतारा: धूळ उडते ती पायाखालच्या सुट्या मातीची, दाबलेल्या मुरमावर कच असली की उडत नाही. बाकीची जागा झाडांची. पश्चिमेला कडुनिंब आणि करंज, भिंतीपासून पंधरा फूट सोडून. मागे शेवगा, कढीपत्ता, कुंपणाकडे बोर. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर पडू दिलं नाहीत तर घर आतून कसं राहतं ते दोन-तीन उन्हाळ्यांनी कळेल. झाडाच्या बुंध्याशी किमान चार बाय चार फूट मोकळं सोडा, पाचोळा तिथेच टाका. बुंध्याला ब्लॉक टेकवून झाड गुदमरवायची पद्धत आपल्या शहरात जागोजागी आहे, ती गावाला नेऊ नका.

आता स्लॅबच्या आणि अंगणाच्या पाण्याचं काय करायचं? स्लॅबचं पाणी खाली जमिनीतल्या टाकीत. पंधरा हजार लिटरची पुरे, कारण पाऊस हप्त्याहप्त्याने येतो, मध्ये वापर होतो, टाकी पुन्हा भरते. पहिल्या पावसाचं धुवट पाणी बाहेर सोडायला पाइपला वेगळं तोंड ठेवा. टाकी भरून वाहिली की ते पाणी, शिवाय अंगणाच्या उताराचं पाणी, उथळ चरातून झाडांच्या आळ्यांत. मोरीचं साबणाचं पाणी शोषखड्ड्यात, कडेला कर्दळ. रस्त्यावर एक थेंब जाता कामा नये, अगदी सप्टेंबरच्या ढगफुटीतलं जादा पाणी वगळता. त्या जादा पाण्यासाठी फाटकाजवळ एक मोकळी वाट ठेवा, नाहीतर ते तुमचा मुरूम घेऊन जाईल.

आता पेव्हरच्याच तोडीची मोठी खर्चाची बाब, कंपाउंड. 330 फूट गुणिले 1300, म्हणजे 4 लाख 29 हजार. जवळजवळ अर्धा पैसा भिंतीत! जागा 66 बाय 99 आहे. रस्त्याच्या बाजूच्या 66 फुटांतले 12 फूट फाटक, उरले 54 फूट. तेवढीच पक्की भिंत बांधा, 70 हजार 200. बाकीच्या 264 फुटांना भावाच्या शेताला लावलीत तशी सिमेंट खांबांची तारजाळी. तिचा दर तुम्ही 300 लिहिलाय, म्हणजे 79 हजार 200. एकूण 1 लाख 49 हजार 400. जाळीतून वारा खेळतो, भिंतीसारखी ती तापत नाही, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला घायपात लावलं की शेळी-कुत्रं आत यायचं नाही. शेराचं झुडूप लावा असं कुणी सुचवेल, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट. नातवंडं आहेत, तेव्हा शेर नको. बंद घराला चोराची भीती म्हणाल, तर पाच फुटी भिंतीवरून उडी मारणारा जाळीलाही घाबरत नाही. उलट भिंतीच्या आत तो कुणाला दिसत नाही, जाळीमागे अख्ख्या आळीला दिसतो.

हिशेब मांडतो. पेव्हरचा दर तुमच्या कोटेशनचा, जाळीचा तुमच्या पत्रातला. शहाबादी कामाला 120 आणि पीसीसीला 80 मी धरलेत, ते तिथे दोघांकडून तपासून घ्या. पेव्हर 37,800, अंगण 72,000, घराभोवतीची पट्टी 28,800, मागची मोरी 14,400, म्हणजे पक्कं काम 1 लाख 53 हजार. कुंपण 1 लाख 49 हजार 400. मुरूम, कच आणि दबाईला 30 हजार, टाकीला दीड लाख, फाटक-पाइप-चर-शोषखड्डा मिळून 60 हजार, रोपं आणि ठिबकला 20 हजार. बेरीज 5 लाख 62 हजार 400. यावर पंधरा टक्के अडीअडचणीला, 84 हजार. या पंधरा टक्क्यांना हात लावू नका. खोदताना खडक लागतो, टँकरचे भाव चढतात, ऐन वेळी जेसीबी दुसऱ्या गावाला जातो. एवढं धरूनही साडेसहा लाखांच्या आत बसतं. टाकीचा आकडा मात्र जागेवर खडक किती खोल आहे त्यावर हलेल, म्हणून कसलाही करार करायच्या आधी टाकीच्या जागी एक चाचणीचा खड्डा मारून बघा.

कंत्राटदार म्हणतो होळीनंतर सुरू करून मेमध्ये तुम्ही याल तोवर संपवतो. त्याच्या सोयीचं आहे, तुमच्या नाही. ऐन टंचाईत काँक्रीटवर टँकरचं पाणी मारायचं, आणि ताज्या भरावावर लगेच फरशी टाकायची, की पहिल्या पावसाला ती बसणार. पावसाआधी फक्त कुंपण, टाकी, चर आणि मुरमाचा भराव उरका. एक पावसाळा त्या भरावावरून जाऊ द्या, जिथे बसेल तिथे दिसेल, पाणी खरं कुठून वाहतं तेही दिसेल. त्याच पावसात झाडं लावा. पेव्हर, शहाबादी आणि पट्टी दसऱ्यानंतर. म्हसवडच्या यात्रेला गावी जालच, तेव्हा निम्मं काम डोळ्यांदेखत होईल.

एरवी इतक्या लांबून लक्ष कसं ठेवणार? पुतण्या गावात आहे ना, त्याच्या हातात टेप द्या. खोदाई झाली की टेप उभा धरून फोटो, मुरूम दाबला की फोटो, पीसीसीची जाडी ओतण्याआधी फळीला टेप लावून फोटो. आकडा वाचता आला पाहिजे, नुसता लांबून काढलेला फोटो चालणार नाही. पैसे टप्प्याटप्प्याने, फोटो बघून. सुरुवातीला पंधरा टक्क्यांच्या वर उचल नको, आणि शेवटचे दहा टक्के पुढचा एक जोराचा पाऊस होऊन पाणी कुठे साचतं हे बघितल्यावरच. हे आधी कागदावर घ्या. त्या तीन बारीक ओळी खोडून त्यांच्या जागी भराव किती ब्रास, टँकर कुणाचे, आणि जादा काम तुमच्या लेखी होकाराशिवाय धरणार नाही, असं लिहून घ्या. तो कुरकुरला तर दुसरा बघा, या कामाला माणसं मिळतात.

मुलाला हा हिशेब दाखवा. पेव्हर अगदीच सोडवत नसतील तर त्याला सांगा की दोन उन्हाळे अंगणात झोपून बघ, मग दीड लाख आहेतच, हवे तिथे टाकू. ब्लॉक नंतर घालता येतात, घातलेले उखडायला दुप्पट मजुरी पडते.

आणि कुंपणाचा पहिला खांब रोवण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात सरकारी मोजणीचा अर्ज टाका. तुमच्या पत्रात उत्तरेच्या बाजूला ‘चुलतभावाची थोडी कुरबुर’ असा उल्लेख ओझरता आलाय. मोजणीला त्याला समक्ष बोलवा, हद्दीचे दगड त्याच्यासमोर रोवून घ्या आणि खांब आपल्या हद्दीच्या सहा इंच आत घाला. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात.